इमारतीतल्या कुंड्यांची देखभाल: सोलापुरातल्या ऑफिस, दवाखाने आणि शोरूमवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सात रस्ता असो, होटगी रोड असो की जुळे सोलापूर, नव्या ऑफिसचं उद्घाटन रिसेप्शनशेजारी दोन अरेका पाम ठेवल्याशिवाय होत नाही. सहा महिन्यांनी त्या पामांचं काय होतं, त्याबद्दलचे हे प्रश्न. आम्ही अशा कुंड्यांची देखभाल करतो, आणि लोक आम्हाला विचारतात त्याच भाषेत ते ठेवले आहेत.

आमचा शिपाई रोज पाणी घालतो. मग देखभालीला वेगळा माणूस कशाला?

रोज घालतो म्हणूनच. सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं आणि नळ आला की दिसेल ते भांडं भरून ठेवायची सवय आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरली आहे. त्या नादात कुंडीही भरली जाते. त्यामुळे पाणीटंचाईच्या या गावात इमारतीच्या आतली झाडं तहानेने कमी आणि बुडून जास्त मरतात. सकाळी शिपाई झारी फिरवतो, दुपारी हाउसकीपिंगच्या मावशी मीटिंगमधल्या उरलेल्या बाटल्या ओततात, संध्याकाळी वॉचमनला दया येते. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मान टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. मग आणखी एक तांब्या.

देखभाल करणाऱ्याला तुम्ही पैसे देता ते पाणी घालण्याचे कमी आणि न घालण्याचे जास्त. काम कुणालाही द्या, पण पहिल्याच दिवशी एक ठरवून टाका: कुंडीला धनी एकच. बाकी कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा. (सगळ्यात जास्त पाणी बहुतेक वेळा साहेबच घालतात, त्यातही सुट्टीहून परत आल्यावर.)

एका भेटीत नेमकं होतं काय? तुमचा माणूस तर नुसतं फडकं फिरवताना दिसतो.

फडकं फिरवणं हे खरंच सगळ्यात वेळखाऊ काम आहे. पानावर धुळीचा थर बसला की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी मिळतो. आपल्याकडे रस्त्याची धूळ आहेच, पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ऑफिसांत त्यावर सुताचे बारीक तंतू चिकटतात आणि एक करडी साय तयार होते. ती नुसत्या फवाऱ्याने निघत नाही. पानाखाली एक हात धरून दुसऱ्या हाताने ओल्या कापडाने पुसावं लागतं. कापड म्हणून टेरी टॉवेलचे तुकडे उत्तम आणि ते सोलापुरात मिळत नाहीत अशी तक्रार कुणी करू शकत नाही.

फडक्याआधी माती तपासली जाते. बोट दोन पेरं आत घालायचं. मोठ्या कुंडीत तेवढ्याने भागत नाही, कारण वरचा थर कोरडा आणि तळाला चिखल असं चित्र नेहमीचं असतं. तिथे बांबूची काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढून बघतात. लहान कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतात. मग पानांची मागची बाजू आणि देठाच्या बेचक्या बघायच्या, कारण कीड तिथेच लपते. पिवळी पानं कापायची, प्लेटमधलं पाणी ओतून टाकायचं आणि कुंडी पाव फेरी फिरवायची, नाहीतर झाड खिडकीकडे वाकत जातं. शेवटी वहीत नोंद. ही वही मागून घ्या. जिथे वही नाही तिथे पुढच्या आठवड्याचा माणूस मागच्या आठवड्याचं पाणी पुन्हा घालतो.

किती दिवसांनी यावं लागतं?

साधारण आठवड्यातून एकदा. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मोठ्या पानांच्या आणि काचेजवळच्या झाडांसाठी दोनदा. पावसाळ्यात पाणी दहा दिवसांनी घातलं तरी चालतं, पण माणूस दर आठवड्याला यायला हवाच, कारण त्या दिवसांत पाण्यापेक्षा कीड आणि डास बघायचे असतात.

लॉबीत चकचकीत उजेड आहे, तरी झाड महिन्याभरात विस्कटतं. का?

आपला डोळा कमी उजेडाला लगेच सरावतो, झाडाचं पान तसं सरावत नाही. मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं ॲप टाका. मोजमाप अगदी अचूक नसेल, पण अंदाज येतो. दुपारच्या उन्हात ते एक लाखाच्या आसपास आकडा दाखवेल, पोर्चच्या सावलीत काही हजार, आणि तुमच्या चकचकीत रिसेप्शनच्या कोपऱ्यात १०० ते २००. झेडझेड, स्नेक प्लांट, हिरव्या पानाचा ॲग्लोनिमा २००-२५० लक्सवर तग धरतात. बहुतेक इनडोअर झाडांना ५०० तरी लागतात. फायकस, क्रोटन, अरेका यांना हजाराच्या वर हवेत. अरेका अंधाऱ्या लॉबीत दोनतीन महिने जे हिरवं दिसतं, ते नर्सरीत साठवलेल्या ताकदीवर. ती संपली की खालची झावळी पिवळी पडायला लागते आणि लोक पाणी वाढवतात.

सोलापूरची आणखी एक अडचण आहे. उन्हाच्या तापामुळे इथली ऑफिसं काचेला काळी फिल्म लावतात आणि पडदे दिवसभर ओढून ठेवतात. माणसांसाठी ते बरोबरच आहे. पण मग खिडकीजवळची जागा नावालाच खिडकीजवळ राहते. अशा ठिकाणी झाडावर पांढऱ्या उजेडाचा एलईडी रोज १० ते १२ तास चालू ठेवावा लागतो, रविवारी सुद्धा. साधा टायमर लावला की कुणाला लक्षात ठेवायला नको.

मग इथे टिकतं तरी काय?

आमचा क्रम सांगतो. पहिला नंबर झेडझेडचा. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठतं, त्यामुळे दोन आठवडे विसरलात तरी ते रुसत नाही. दुसरा स्नेक प्लांट. तिसरा मनी प्लांट, पण तो काठीवर चढवलेला, कारण लोंबणारे वेल येणारे-जाणारे तोडून घरी लावायला नेतात. चोरलेला मनी प्लांट चांगला वाढतो या समजुतीने आमचं फार नुकसान केलंय. चौथा ॲग्लोनिमा. उंच झाड हवं असेल तर अरेकापेक्षा रॅफिस पाम घ्या. तो महाग आहे आणि सावकाश वाढतो, पण कमी उजेड सोसतो. सिंगोनियम आणि ड्रॅसिना मधल्या उजेडात ठीक.

रबर प्लांट मोठ्या खिडकीशेजारीच. पीस लिली दिसते छान, पण आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणि बोअरच्या पाण्यावर तिची पानं टोकाकडून तपकिरी होतात. फुलं बघूनच ती हवी असेल तर हौसेने ठेवा, आणि तिचं पाणी वेगळं ठेवा. कॅलेथिया आणि फर्न ठेवायला मात्र आम्ही साफ नाही म्हणतो. त्यांना दमट हवा लागते. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात उतरते, आणि एसी हवेतलं थोडंफार बाष्प काढूनच घेतो.

नवं झाड आणलं की आठ दिवसांत पानगळ होते. नर्सरीवाल्याने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. ही झाडं पुण्याकडच्या किंवा आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांत शेडनेटखाली, भरपूर उजेडात आणि दमट हवेत वाढलेली असतात. तिथून ट्रकने येऊन ती थेट एसी केबिनमध्ये बसली की जुनी पानं टाकून देतात. फायकस बेंजामिना तर यासाठी प्रसिद्धच आहे. इमारतीत पाठवण्याआधी दोनतीन आठवडे सावलीच्या जागेत ठेवलेलं झाड मागा. काही विक्रेते याचे थोडे जास्त पैसे घेतात. ते योग्य आहेत.

पानांची टोकं करपतात, कुंडीच्या कडेला पांढरं पापुद्र्यासारखं येतं. रोग आहे का?

रोग नाही, क्षार आहेत. शहरातल्या पुष्कळ इमारती कुंड्यांसाठी बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड असतं. शेतात पावसाने क्षार खाली धुऊन जातात. कुंडीत पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, दर आठवड्याला थोडे वाढत. हातात धरायचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कुंडीसाठीही ५०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. १००० च्या वर गेलं की टोकं करपणार हे धरून चाला.

उपाय दोन. नळाचं पाणी येतं त्या दिवशी एक पिंप फक्त कुंड्यांसाठी भरून झाकून ठेवायचं. आणि दोनतीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीवर किंवा गच्चीत नेऊन तिच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश सोडायचं, खालून पूर्ण वाहून जाईपर्यंत. हे काम पावसाळ्यात करणं सगळ्यात सोयीचं. एका चांगल्या पावसात कुंड्या तासभर गच्चीवर ठेवल्या की पाणीही वाचतं आणि पानंही धुतली जातात.

आरओचं वाया जाणारं पाणी, एसीचं पाणी, कूलरमधलं पाणी, यातलं काही वापरता येईल?

आरओच्या मागच्या नळीतून येणारं पाणी कुंडीला अजिबात नको. गाळलेल्या पाण्यातले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. कूलरच्या टाकीतलंही तसंच. पाणी उडत राहतं, आपण वरून भरत राहतो, तळाला खारट रस्सा उरतो.

एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं आणि झाडांना चालतं. पहिल्या बादलीत कॉइलवरची धूळ येते, ती टाकून द्या. गंमत अशी की हे पाणी हवेतल्या बाष्पातून येतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बादल्या भरतात आणि एप्रिलमध्ये, नेमकी गरज असते तेव्हा, जेमतेम थेंब पडतात. त्याच्या भरवशावर उन्हाळ्याचं नियोजन करू नका.

गावात पाणी नसताना शोभेच्या झाडांना पाणी घालायचं हे बरं दिसतं का?

हा प्रश्न विचारणारे ग्राहक आम्हाला आवडतात. हिशेब असा: इमारतीच्या आत १० इंची कुंडीला आठवड्याला साधारण एक ते दीड लिटर पाणी लागतं, म्हणजे पन्नास कुंड्यांना ५० ते ७५ लिटर. संडासातली जुनी फ्लशची टाकी एका वेळी आठ-दहा लिटर सोडते. पन्नास कुंड्यांचं आठवड्याचं पाणी म्हणजे सात-आठ फ्लश. एखादा गळका नळ यापेक्षा जास्त वाया घालवतो. बाहेरच्या लॉनचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तिथे तुमची शंका अगदी रास्त आहे.

आणखी वाचवायचं असेल तर तळाला पाण्याचा कप्पा आणि वात असलेल्या कुंड्या घ्या. माती लागेल तसं पाणी ओढते. फक्त कप्प्याला झाकण असावं आणि पाणी दाखवणारी काडी हलती असावी.

शनिवारी झाड ठीक होतं, सोमवारी सकाळी भाजल्यासारखं. काय झालं असेल?

एसी बंद, खिडक्या बंद, पश्चिमेची काच आणि मे महिना. बाहेर ४२ अंश असताना बंद काचेची केबिन त्याहून तापते, आणि काचेला टेकलेलं पान अक्षरशः भाजतं. शनिवारी निघताना त्या बाजूच्या कुंड्या आत चारपाच फूट ओढायच्या आणि पडदा टाकायचा. हे काम कुणाचं ते लिहून ठेवा. उलटी चूकही होते: स्प्लिट एसीचा झोत थेट पामवर सोडलेला असतो. थंड आणि कोरड्या वाऱ्याने झावळ्यांची टोकं वाळतात. झोताची पट्टी वर करा किंवा कुंडी हलवा.

शेतातली काळी माती आणून भरली तर? एक नंबर माती आहे आमची.

ज्वारीसाठी एक नंबर, कुंडीसाठी नाही. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात. कुंडीत ती कडेपासून सुटते, मग पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मधलं मूळ कोरडंच राहतं. शिवाय वजन. ओली काळी माती भरलेली मोठी कुंडी दोन माणसांना हलत नाही, आणि आतल्या झाडाला अधूनमधून हलवावंच लागतं.

आम्ही धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळ खत, थोडी तांबडी माती आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) असं मिश्रण वापरतो. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. आणि एकदा खडखडीत वाळलेलं कोकोपीट पाणी लवकर धरत नाही, वरून घातलेलं सगळं प्लेटमध्ये येतं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवावी लागते. पांढऱ्या संगमरवरी फरशीवर तांबड्या मातीचं पाणी गळलं तर डाग जात नाही, तिथे मिश्रणातून तांबडी माती वगळायला सांगा.

पानांखाली कापसासारखं पांढरं आलंय. घरी डाळिंबाच्या बागेचं औषध उरलंय, ते मारू का?

कृपा करून नको. हा प्रश्न सोलापुरात दर उन्हाळ्यात येतो. निम्म्या स्टाफची गावाकडे बाग असते आणि कीटकनाशकांची माहिती शहरातल्या माळ्यापेक्षा त्यांना जास्त असते. पण बागेत फवारा वाऱ्यावर जातो. एसी इमारतीत तीच हवा पुन्हापुन्हा फिरते आणि दिवसभर माणसं ती घेतात. शेतीची औषधं पिकासाठी आणि उघड्यावर वापरायला असतात, तुमच्या वेटिंग रूमसाठी नाही.

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, आपल्याकडे सगळे ज्याला मिलीबग म्हणतात तो. आधी ते झाड बाकीच्यांपासून लांब करा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, मग शनिवारी ऑफिस सुटल्यावर लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि दोन थेंब पातळ साबण घालून फवारा. आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर पुन्हा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. एका फवारणीत काम झालं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे ते फवाऱ्यात भरायचं नाही, आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवायचं.

उन्हाळ्यात जास्त त्रास कोळ्यांचा, म्हणजे भिंतीवरच्या कोळ्याचा नव्हे, पानाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा. पान फिकट, ठिपकेदार होतं आणि देठाजवळ बारीक जाळी दिसते. कोरडी, गरम हवा त्यांना मानवते. झाड बाहेर नेऊन पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार झोताने धुतली तर बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. झाड फारच पोखरलं असेल तर ते बदला. एका कुंडीच्या मायेपोटी वीस कुंड्या धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

आमचं चादरींचं शोरूम आहे. कुंडीभोवती चिलटं उडतात, ती कापड खातील का?

नाही. ती मातीतल्या ओलाव्यावर वाढतात. त्यांच्या अळ्या बुरशी आणि कुजका पाला खातात, थोडी कोवळी मुळंही, पण कापडाला तोंड लावत नाहीत. चिलटं दिसली याचा अर्थ पाणी जास्त होतंय. वरचा दोन इंच थर पूर्ण कोरडा होऊ द्या आणि कुंडीत पिवळा चिकट सापळा खोचा. मालाला खरा धोका गळक्या प्लेटचा आहे, म्हणून कुंडी चादरींच्या थप्पीला टेकवून ठेवू नका.

कुंड्यांमुळे डेंग्यूचे डास होतात म्हणे?

कुंडीमुळे नाही, कुंडीखालच्या प्लेटमुळे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठीच. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी प्लेटच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. प्लेट घासूनच ठेवायची. बाटलीत ठेवलेल्या मनी प्लांटचं पाणीही दर आठवड्याला बदला.

झाडांनी ऑफिसची हवा शुद्ध होते, असं ब्रोशरमध्ये लिहायचं आहे.

लिहू नका. या दाव्याचं मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे, आणि तो लहान, हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. तुमच्या ऑफिसचं दार मिनिटाला दोनदा उघडतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हिशेब निघाला की साध्या वायुवीजनाइतका परिणाम मिळवायला एका चौरस मीटर फरशीमागे १० ते १,००० झाडं लागतील. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो हेही लिहू नका: तो रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं, पण ऑक्सिजन दिवसा उजेडातच सोडतो. खिडकी उघडा, एसीचे फिल्टर धुवा. झाडं ठेवायची ती डोळ्यांना बरं वाटतं म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

दवाखान्यात कुठे ठेवावीत?

रिसेप्शन, ओपीडीबाहेरची वेटिंग, कॅन्टीन, डॉक्टरांची केबिन इथे ठेवा. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, भाजलेल्या रुग्णांचा विभाग, कॅन्सर किंवा प्रत्यारोपणाचे रुग्ण असतील तिथे मातीची कुंडी नको. ओल्या मातीत ॲस्परजिलससारख्या बुरशी असतात. निरोगी माणसाला त्यांचं काही होत नाही, प्रतिकारशक्ती घटलेल्याला फुफ्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. आमचा माणूस त्या मजल्यावर माती उकरत असेल तर सिस्टरांनी त्याला बेलाशक हाकलावं.

मुलं येतात तिथे डाइफेनबॅकिया अजिबात नको. त्याच्या पानात सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, सूज येते. मनी प्लांट, झेडझेड, फिलोडेंड्रॉनमध्येही ते असतात, म्हणून या कुंड्या मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. चावलंच तर तोंड पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.

जिन्यातल्या कुंड्यांत लोक मावा थुंकतात. काही उपाय?

पाटी लावून फरक पडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. जी कुंडी मरगळलेली, अर्धी रिकामी, माती उघडी अशी असते, तिच्यातच थुंकतात. मातीवर पांढरे गोटे पसरले, झाड दाट ठेवलं आणि वर दिवा लावला की प्रमाण बरंच खाली येतं. अंधाऱ्या वळणावर मात्र कुंडी ठेवूच नका, तिथे ती पिंकदाणीच होणार. शिवाय जिना ही आग लागली तर बाहेर पडायची वाट आहे, तिथे कुंडीने जागा अडवणं तसंही चूक.

चहाचा उरलेला घोट, सुपारी, पेन्सिलीची तासं, च्युइंगम हे सगळंही कुंडीत सापडतं. चहा घातल्याने झाड वाढतं अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांना सांगा की साखर-दुधावर मुंग्या आणि बुरशी येते.

सणावाराला काय काळजी घ्यायची?

खंडेनवमीला यंत्रांबरोबर कुंड्यांचीही पूजा होते. करा, पण हळद-कुंकू कुंडीला लावा, पानाला नको, आणि झेंडूच्या माळा दुसऱ्या दिवशी काढा. निर्माल्य कुंडीतच विसर्जित करायची पद्धत अनेक ऑफिसांत आहे, त्याने माती सडते. खरा संहार दिवाळीआधीच्या साफसफाईत होतो: ॲसिड, फिनेल, ब्लीचचं पाणी बादलीतून थेट कुंडीत, रंगाचे शिंतोडे पानांवर. रंगकाम ठरलं की आठ दिवस आधी कळवा, कुंड्या उचलून नेता येतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या आसपासचे रस्ते वळवतात, तेव्हा त्या भागातल्या भेटी एखादा दिवस पुढेमागे होतात.

पानं चमकवायचा स्प्रे वापरता का?

नाही. त्याने पानावर धूळ आणखी चिकटते. खोबरेल तेल, दूध, बिअर यांचंही तेच उत्तर.

खत किती?

जितकं तुम्हाला वाटतं त्याच्या अर्ध्याहून कमी. उजेड कमी तिथे वाढ कमी, आणि वाढ नसेल तर खत मातीत क्षार म्हणून साठतं. जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम पुरे. शेणखत इमारतीत आणू नका, वास लिफ्टपर्यंत जातो.

भिंतभर हिरवी झाडं, ती व्हर्टिकल गार्डन, किती खर्चिक?

लावायला खर्चिक, सांभाळायला त्याहून. प्रत्येक कप्प्यात मूठभर माती असते. पंप बंद पडला किंवा ठिबकची नळी क्षाराने चोंदली, तर मे महिन्यात एकदोन दिवसांत कप्पे सुकतात, आणि चोंदते ती नेहमी वरच्या कोपऱ्यातली, जिथे शिडीशिवाय हात पोचत नाही. भिंतीला ओल येऊ नये म्हणून मागे जलरोधक थर आणि खाली निचरा लागतो, वरून दिवे लागतात. हे सगळं आणि आठवड्याला दोन भेटी परवडत असतील तर खुशाल करा. नसतील तर त्याच पैशात सहा मोठ्या, देखण्या कुंड्या येतात आणि त्या पाच वर्षं टिकतात. प्लास्टिकची झाडंही मधला मार्ग नाही, ती पुसायलाही माणूस लागतोच.

तुळस आत ठेवली तर?

जगत नाही, तिला ऊन हवं. पोर्चमध्ये ठेवा. लकी बांबू ठेवा हवं तर, तो बांबू नाही, ड्रॅसिना आहे, आणि बोअरच्या पाण्यात त्याची टोकं पिवळी पडतात.

झाडं विकत घ्यावीत की भाड्याने?

उजेड चांगला असेल तर विकत घ्या आणि फक्त देखभालीचा करार करा. लॉबी अंधारी असेल तर भाड्याची पद्धत बरी, कारण तिथे झाडं दोनतीन महिन्यांनी नर्सरीत परत नेऊन दुसरी आणावी लागतात. हा बदल भाड्यात धरलेला असतो. तुमच्या मालकीच्या झाडाला अशी विश्रांती कुणी फुकट देत नाही.

दर विचारताना नुसता कुंडीमागचा आकडा विचारू नका. भेटीचा वार कोणता, मेलेलं झाड किती दिवसांत बदलणार, पाणी कुणाचं, शिडी कुणाची, आणि कोणत्या नुकसानीची जबाबदारी ते घेत नाहीत, हे लेखी घ्या. चोरी, फुटलेली कुंडी, रंगकाम, पेस्ट कंट्रोलवाल्याने उडवलेलं औषध, लांब सुट्टीत बंद ठेवलेला एसी, या पाच गोष्टींवरच पुढे वाद होतात. फारच स्वस्त दर असेल तर माणूस एका इमारतीत दहा मिनिटं थांबणार हे गृहीत धरा. तेवढ्या वेळात तो एकच काम करू शकतो, ते म्हणजे सगळ्या कुंड्यांना सरसकट पाणी घालणं.

सुरुवात करायची तर पहिल्या भेटीला काय तयार ठेवू?

कुंड्यांची मोजदाद नको, ती आम्ही करतो. बोअरच्या आणि नळाच्या पाण्याची एकेक बाटली भरून ठेवा. एसी किती ते किती चालतो, रविवारी कोण असतं आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हे माहीत असलेला एक माणूस अर्धा तास आमच्याबरोबर फिरायला द्या. तो बहुधा वॉचमनच असतो. आणि त्या दिवशी सकाळी कुंड्यांना पाणी घालू नका.